एकीचा करार

सत्तर साली, लंडनमधल्या हाउन्सलोत बसच्या रांगेत, माझ्यापुढे आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू समाजातले दोन म्हातारे उभे होते, आयझॅक आणि एझरा.

“वाचलंस, एझरा? पॅलेस्टिनी गटांनी कैरोत पुन्हा एकीचा करार केला.”

“कसली डोंबलाची एकी! खुर्च्या वाटून घेतल्या असतील.”

“मूठभर माणसं आणि डझनभर पुढारी!”

“प्रत्येकाला वेगळी चूल हवी.”

“बरं, शनिवारी आमच्या सिनेगॉगमध्ये ये. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आम्ही सातच उरलोय.”

“आमच्यात आम्ही सहा आहोत. तुम्हीच आमच्या सिनेगॉगमध्ये या की.”

“तुझा भाऊ तिथे सेक्रेटरी असताना? मेलो तरी येणार नाही.”

“मग बसा तसेच.”

“बसू. पण त्या पॅलेस्टिनींचं काही खरं नाही.”

“अजिबात नाही.”

डबलडेकर आली. आयझॅक खाली बसला, म्हणून एझरा गुडघे धरत जिना चढला.