माह्या मिस्टरचं नाव

आज आखाजी, अक्षय तृतीयेचा सण. मी माहेरी बीबी गावाले अंगणात कुरडया घालून राह्यली, हात चिकानं भरले हायेत, तवा गुरुजी, माही कहाणी मी सांगतो अन् तुम्हीच लिहा.

जलम इथंच बीबीचा, वावरातला. बाप म्हणे पोरगी आडदांड हाय, नर्स करा. झाली नर्स. लग्न होऊन मोताळ्याले गेली, नवरा जिनिंगमधी फिटर, अन् पह्यल्या वर्षापासून त्याचा हात चालू. काय सांगू तुम्हाला, भाजीत मीठ कमी तं थापड, ड्युटीवरून उशीर तं पट्टा. सासू माहे केस धरे, तो मारे. मारून झालं का दोघंबी पोटभर जेवत.

आमच्या दवाखान्यात केरळची अन्नम्मा सिस्टर होती. ती म्हणे कॅनडात नर्सा पाह्यजेत, पण कायमचं राहाचं तं इंग्रजी आलं पाह्यजे, साहेब समोर बसवून तपासते. म्हटलं शिकव. ड्युटीवर पट्ट्या गुंडाळता गुंडाळता ती शिकवे, ही गोज, शी गोज, अन् तो शेवटचा ज खाल्ला का माह्या हातावर कैचीची दांडी मारे. तिचा मार मले गोड लागे.

नवऱ्याले कळलं. त्यानं पुस्तक चुलीत घातलं, माहा हात तव्यावर दाबला, म्हणे घे, शिक आता गोऱ्याइची बोली. हा पाहा डाग. तरी शिकली. मंग कॅनडाच्या साहेबाचं मुंबईले बोलावणं आलं, त्या दिवशी त्यानं पितळी गडवा तोंडावर हाणला. हा दात गेला, ओठ फाटला. सासू म्हणे, अजून एक दे. मले मुसळ सापडलं. मी त्याच्या मनगटावर घातलं, कडकन आवाज झाला, तो बोंबलला, सासू मोरीत लपली. मंग मीच फळी लावून त्याचा हात बांधला. हाड वाकडं जुळलं असतं तं लोक मलेच हासले असते. अन्नम्मानं माह्या ओठाले टाके घातले अन् मी गाडीत बसली.

मुंबईले गोरा साहेब. पह्यलंच इचारलं, तोंडाले काय झालं? म्हटलं, माय मिस्टर. तो म्हणे, मिस्टर हू? मले वाटलं, याले आयकू नाई आलं. जोरानं म्हटलं, माय मिस्टर! तो म्हणे, येस, मिस्टर हू? आता आपल्याकडं नवऱ्याले मिस्टरच म्हणतात, मले तं ते अस्सल इंग्रजी वाटे. साहेबानं मान हालवली, पेन खाली ठेवला. मले समजलं, आता मोताळा, तोच तवा अन् तोच गडवा. पण नाव कसं घ्याचं? नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य घटते म्हणतात. उखाण्याबाहेर कवा तोंडातून काढलं नव्हतं.

म्हटलं, घटू दे.

हजबंड, सर. दिगंबर. दिगंबर बीट मी. ही ब्रोक टूथ. आय ब्रोक हिज हँड. देन आय बँडेज.

साहेबानं पेन उचलला. इचारलं, तो येईल का तुमच्या संगं? म्हटलं, नो सर. आय गो. ही स्टेज, म्हंजे तो इथंच राह्यते. तो ज मी इतका ओढला का साहेब हासला. म्हणे, तुमचं इंग्रजी पुरे हाय, कागद टपालानं येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरले उतरून बुलढाण्याची एसटी धरली, तिकीट सवयीनं मोताळ्याचंच काढलं. ती मोताळ्यावरूनच जाते. स्टँडवर तो उभाच, हात गळ्यात. म्हणे, उतर वं, घरी चाल, दाखवतो तुले. मी बसूनच राह्यली, तं त्यानं चांगल्या हातानं खिडकीतून माही वेणी धरून ओढली, डोकं गजावर आपटलं. मी त्याच्या फळीवर थैली हाणली, तवा सोडली. कंडक्टर म्हणे, बाई, मोताळा आलं, उतरता का? म्हटलं, नाई, बुलढाणा एक द्या. त्यानं घंटी मारली. बुलढाण्याले उतरली, कपाळ धुतलं, चहा पेली, अन् बीबीच्या गाडीत बसली.