उबेद कंडक्टर

पोलादपूरच्या गाडीसाठी महाड स्टँडवर उभा होतो. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"आसिया, तुझा भाऊ मंद ना गो? तो त्यांच्या संस्थेच्या नाटकात काय करणार?"

"कंडक्टर. बत्तीस वर्षांचा झाला तरी यष्टीत नाय लागला, म्हणून स्टेजवर लागला."

"प्रमुख पाहुणे आलेवते?"

"आलेवते ना. 'या बिचाऱ्यांना काय समजतंय,' म्हणून मोलाचं भाषण केलं आणि पहिल्या रांगेत घोरायला लागले."

"अगोबाई!"

"उबेद स्टेजवरून ओरडला, 'पोलादपूर! उतरा!' सायब दचकून उठले, बॅग घेऊन दाराकडे निघाले."

"मग?"

"उबेदने खाली येऊन त्यांना हाताला धरून परत बसवलं. म्हणाला, 'घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं.'"