रेस उतरत नाही

"हॅलो?… हो, मीच… अगं हळू बोल, बाबा आत झोपलेत."

ती फोन कानाशी दाबून ओट्याच्या कोपऱ्यात सरकली. पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या नवऱ्याला तिने सकाळी ठोकून दिलं होतं, की खेप बदली ड्रायव्हर घेऊन गेला. खेप होती कोंबडीच्या एका दिवसाच्या दोन हजार पिल्लांची. आणि ट्रक घेऊन गेली होती त्यांची मुलगी, पहिल्यांदाच एकटी.

"काय किंचाळतंय?… इंजिन. मला वाटलं पिल्लं… पाय काढला तरी रेस उतरत नाही? आणि क्लच दाबला की?… अजून चढते. बरं. न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ… ओढलास? मग आधी बंद कर… होईल गं परत चालू, न व्हायला काय झालं."

"मागे कोण बोलतंय?… पंक्चरवाला. आणि तो दुसरा?… नुसता उभा आहे. मग त्याला म्हण, ताडपत्री दोन्ही बाजूंनी वर कर, पिल्लांना वारा लागू दे. उभ्या गाडीत तासभर नाही टिकायची ती… काय म्हणतोय पंक्चरवाला? रेसचा स्क्रू पिळू? त्याला म्हण काका, तुम्ही हवा भरा. स्क्रूला कोणाचा हात लागता कामा नये. सकाळी बरी होती ना गाडी? स्क्रू काय आपणहून फिरतो?"

"हो, हो… अगं ऐक ना. खाली वाक. पायाखालची चटई पेडलवर चढलीय?… नाही. पेडल बोटाने उचलून बघ… मोकळं. आता बॉनेट उघड… रेसची केबल ओढ आणि सोड. परत जाते?… अर्धीच? पलीकडून कोणी धरल्यासारखी? हं."

तिने भाजीखालचा गॅस बंद केला.

"आता नीट आठव. सकाळपासून गाडीत काय बदललं?… काही नाही असं नसतं. थांबली होतीस कुठे?… नळावर. पाणी भरलंस. किती?… पाच लिटर. कॅन कशात ठेवलास?… पिशवीत. आणि पिशवी?… खुंटीला."

तिने डोळे मिटून घेतले.

"अगं माझे आई, ट्रकमध्ये खुंटी कुठून आली?… स्टिअरिंगच्या खाली, काळी, गोल डोक्याची… होती गं सकाळपासून तिथेच पिशवी, पण रिकामी होती ना. थंडीत इंजिन तापेपर्यंत रेस धरून ठेवायचं बटण आहे ते. पाच लिटर पाण्याने बाहेर ओढलंय त्याला… आधी पिशवी काढ, मग हस. बटण आत ढकल. पूर्ण… कर चालू… हं. उतरली. ऐकू येतंय मला."

"मला कसं कळलं?… सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. तू तिसरीत होतीस, तेव्हा मीच तिथे पिशवी अडकवली होती. बटाट्यांची. बाबांनी दोन दिवस डिझेलचा पंप उघडून सतरंजीवर मांडला होता. तिसऱ्या दिवशी मला भाजीला बटाटे हवे झाले… काढली पिशवी, ढकललं बटण. इकडे यांनी पंप जोडला आणि गाडी सुरळीत… हो, तीच ती दुरुस्ती. येईल त्या पाहुण्याला सांगतात ती… कसं सांगणार गं? इतके खूश होते…"

ती वळली. दारात कुबडी होती, कुबडीवर नवरा.

"थांब, ठेवू नको फोन… बाबा… दारात… कुठपासून काय माहीत. बटाट्यांपासून तरी नक्कीच."

फोन तसाच हातात धरून ती नवऱ्याकडे वळली.

"बदली ड्रायव्हर मिळालाच नाही… सांगितलं असतं तर जाऊ दिली असतीत?… गाडी मी शिकवली तिला. दर रविवारी, तुमचा डोळा लागला की… मला कोणी शिकवली म्हणजे? बावीस वर्षं तुमच्या शेजारच्या सीटवर बसले, ती काय डोळे मिटून?"

त्याने हात पुढे केला. तिने फोन दिला. फोन कानाला लावून तो नुसता इंजिन ऐकत उभा राहिला, डॉक्टर छाती ऐकतो तसा, बराच वेळ. मग फोन परत देताना खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला.

"हॅलो… आहेस ना? रडतेस की पिल्लं आहेत ती?… बरं, पिल्लं. बाबांचं ऐक. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, दुसऱ्या गिअरवरच उतरायचं. आणि खोकी उतरवलीस की तिथल्या गोदामात विचार, परतीचा माल असतो त्यांच्याकडे… अगं हो, तूच. रिकामी येऊ नको म्हणाले… नाही, रागाने नाही. ड्रायव्हरला सांगतात ना, त्याच आवाजात… ठेव आता. निघ, ऊन चढतंय."