रेषेपासून लांबचं घर

धंतोलीच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत पुष्पलताबाई शेजारच्या आजोबा-नातीचं बोलणं कान देऊन ऐकत होत्या.

"लॅपटॉपवर काय करून राहिली वं, रितिका?"

"चाळीस देशांची आकडेवारी, आबा. पोरी जास्त शिकल्या की म्हातारे एकटे पडतात का, ते पाहून राहिली."

"मंग? पडतात?"

"पडतात. आलेखावर बहुतेक देश तर त्याच रेषेत येऊन राहिले."

"आन् तू चालली जर्मनीले शिकाले."

पुष्पलताबाईंचं नाव पुकारलं. त्यांनी मागच्या माणसाला आत जायची खूण केली.

"काही देश रेषेपासून लांबही पडतात, आबा."

"काहून?"

"ते नाही समजलं अजून."

"मंग आपलं घर बी त्या रेषेपासून लांबच मांड. काहून, ते मी सांगत जाईन तुले. रोज फोनवर."