पलंगावरून समुद्र

तात्यापारा मोहल्ल्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाईंच्या डोळ्यांत औषध टाकलेलं, पापण्या मिटलेल्या. यजमान त्यांना मोबाईलवरचं वाचून दाखवत होते.

"पुरीचं रिसॉर्ट आहे, अंजना. पलंगावरूनच समुद्र दिसते म्हणते."

"अन् भाडं?"

"ते सोड ना तू."

"सोडू कशी? दोन रातींत तुमची पेन्शन वाहून जाईन. मी का महाराणी आहो?"

"जिंदगीभर रेल्वेचा पास होता, पण दरसाल दीक्षाभूमीलेच गेलो. समुद्र राहूनच गेला."

"राहिला तर राहिला. डॉक्टर काय म्हणे, आयकलं नाही? हिवाळा गेला का उजेडही दिसणार नाही मले."

"म्हणूनच तर म्हणून राहिलो."

"मंग समुद्र काहून? शेवटचं पाहाचंच आहे, तर मले माह्या पोट्ट्याचं तोंड पाहू द्या. त्याच पैशात यशदीपले विमानाचं तिकीट काढून द्या."

यजमानांनी मोबाईल खिशात ठेवला.

"लावा त्याले फोन."

"लावला होता."

"मंग?"

"समुद्र जागच्या जागी असते, अंजना. आपण गेलो का भेटते."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"अम्मा, पोंछिए मत, दवाई निकल जाएगी," नर्स लांबूनच म्हणाली.

"हव, बेटा."

पदर खाली आला. डोळे मिटलेलेच होते.

"खिडकी मोठी आहे ना हो तिथली?"