सरपंचांना आडवे नेल्याबाबत

जबाब, दिनांक १९ मे १९९७

माझे नाव सौ. दानम्मा भ्र. नागप्पा शेटे, वय ५२ वर्षे, धंदा किराणा दुकान (आधी ‘घरकाम’ लिहिले होते, ते मी खोडून घेतले), रा. सोनकवड, ता. केज, जि. बीड.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, शेजारीण छबुबाई हिने घरात शिरून माझ्या यजमानांची शाल व फेटा चोरला काय, असे मला विचारण्यात आले आहे. छबुबाईला सकाळपासून बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवून ठेवले आहे. माझ्या ‘हो’ म्हणण्यावर तिची कोठडी अवलंबून आहे, असे हवालदार तात्याबा यांनी मला समजावून सांगितले. मला ते आधीच समजले होते.

माझे यजमान नागप्पा शेटे हे सोनकवडचे सरपंच आहेत. दुकान त्यांच्या नावावर आहे, चालवते मी. ते गल्ल्यावर फक्त निवडणुकीच्या आधी बसतात. गेल्या हिवाळ्यात गावात नळयोजनेचे उद्घाटन झाले. टाकीत टँकर ओतून चौकातल्या नळाला पाणी आणले होते. भाषणे संपली तसे पाणीही संपले. पाहुण्यांसाठी बीडहून झाकणबंद बाटल्यांतले पाणी आले होते. पाणी विकत मिळते हे गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आता माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये तीन रंगांचे कोल्ड्रिंक थंड मिळते, आणि फ्रिज पुसायला पाणी मी डोक्यावरून आणते. सरपंचाची बायको म्हणून विहीर माझ्यासाठी जवळ आलेली नाही.

छबुबाई ही शेतकरी कुटुंबातली असून आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत आहे. तिने बायका गोळा करून आधी अर्ज दिले, मग हंडा मोर्चा काढला, मग रस्ता अडवला. यजमान प्रत्येक वेळी म्हणाले, विचार चालू आहे. शेवटी बायकांनी ठरवले की सरपंच गेले असे समजावे. त्याप्रमाणे दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी त्यांची अंत्ययात्रा निघाली. कडब्याचा पुतळा तिरडीवर आडवा बांधलेला, पुढे मडके. छबुबाईची सासू चंद्रभागाबाई ही गावातली रडण्यात नावाजलेली बाई. मेलेल्याचे गुण आळवून रडायची रीत आहे, परंतु तिला गुण आठवेनात. तेव्हा तिने हेल काढला, “कोरड्या नळाच्या धन्या, आता आमाला आश्वासन कोन देईल गं!” लोक हसून हसून रस्त्यावरच बसले.

यजमान जिवंत असताना त्यांना मेलेले ठरवले याबद्दल माझी तक्रार नव्हती व नाही. हे वाक्य लिहू नये असे हवालदारांनी सुचवले. मी लिहा म्हणाले. माझी तक्रार वेगळी होती. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला आडवे नेत नाहीत व जाळत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून सजवलेल्या विमानात बसवतात, भजन म्हणत नेतात आणि बसलेलेच मातीत ठेवतात. माझ्या सासऱ्यांना असेच नेले होते, तेव्हा छबुबाई पुढे होती. म्हणून मला राग आला. गल्ला बंद करून मी रस्त्यात गेले व तिरडी अडवली. मी म्हणाले, “छबू, न्यायचं तर न्या, पण आमच्यात आडवं नेत न्हाईत.”

छबुबाई शरमिंदी झाली. ती म्हणाली, “वैनी, ठावं हाय की. लई बसवून बघितलं, पर कडबा वाकतच न्हाई.”

तिचे म्हणणे खरे होते. कडबा मोडतो, वाकत नाही. त्या दिवशीची यात्रा जागच्या जागी रद्द करण्यात आली. इतका मोठा मोर्चा मी एकटीने परतवला, हे पोलिसांनाही जमले नव्हते याची नोंद व्हावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातली साखरेची रिकामी पोती दिली. त्यात भुसा भरला. मांडी कशी घालायची ते मी दाखवले. यजमान उजवा पाय वर ठेवून, डावा खांदा जरा पाडून बसतात, तसे बसवले. केळीचे खुंट बांधून विमान केले. कपाळाला विभूती मी लावली. हातात इष्टलिंग दिले नाही, तो थट्टेचा विषय नाही. चौकातल्या नळाची तोटी काढून ती तळहातावर ठेवली. शाल व फेटा सत्काराचा होता, तो मी कपाटातून काढून माझ्या हाताने घातला. गल्लीतली आमच्या समाजाची माणसे आदल्या दिवशी आपला माणूस म्हणून दारे लावून बसली होती. विमान दिसताच ती टाळ-मृदंग घेऊन बाहेर आली. रीत पाळली म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना.

विमान उचलले तेव्हा मला रडू आले. ते नाटक नव्हते. कोणाला आश्वासन न देता इतके शांत बसलेले यजमान मी पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते.

युसूफ वडगावचा केबलवाला रामहरी लग्नाच्या शूटिंगसाठी गावात आला होता. त्याने वऱ्हाड सोडून आमच्या यात्रेचे शूटिंग केले. त्याच्याजवळ फक्त लग्नाचे इफेक्ट असल्यामुळे यजमान बदामात दिसतात आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. ही कॅसेट केबलवर लागली. लोक सिनेमा बंद करून तीच लावायला सांगू लागले. चंद्रभागाबाईच्या हेलाची चाल आता बँडवाले वरातीत वाजवतात व त्यावर नाच होतो. चकलांब्याकडच्या एका गावची माणसे मला विचारायला आली की सरपंच बसवायचा कसा. त्यांचा सरपंच कोणत्या समाजाचा ते विचारून मी सांगितले की तुमचा आडवाच चालतो, उगीच कष्ट घेऊ नका.

यजमान या काळात मोर्चे चुकवायला मांजरसुंब्याला एका धाब्यावर मुक्कामी होते. कॅसेट तिथे पोचली. वाढणाऱ्याने त्यांना निरखून विचारले, “तुमी तर गेलते ना?” ते तसेच घरी आले. प्रथम त्यांनी माणसे किती होती ते विचारले. विजयाच्या मिरवणुकीपेक्षा जास्त, असे मी सांगितले. त्यांनी रामहरीकडे निरोप धाडला की गर्दीचा भाग तेवढा कापून मिळेल काय, प्रचाराला बरा पडेल. मिळेल, पण बदाम निघणार नाहीत, असे उत्तर आले. त्यानंतर ते चिडले.

जेवताना त्यांनी विचारले की मांडी कोणी घातली. मी वाढत होते. मी म्हणाले, आणखी भाकरी घ्या. त्यांनी घेतली. आपण कसे बसतो हे गावात किती जणांना माहीत असेल, हे त्यांना समजले असणार, असे मला वाटते. तरीही त्यांनी चोरीची तक्रार छबुबाईच्या नावाने लिहून दिली, आणि ती खरी करायला आज मला जीपमध्ये घालून इथे आणले. पत्नीच्या भावना दुखावल्या, असे मी सांगावे असे ठरले होते.

तरी मी सांगते की, भावना दुखावल्या हे खरे आहे. त्या यात्रेने दुखावल्या नाहीत. आपल्या घरच्या माणसाला गाव असे पोचवते आणि आपल्याला ते पटते, याने दुखावल्या.

छबुबाईने माझ्या घरातून काहीही चोरलेले नाही. शाल मी दिली, फेटा मी बांधला, मांडी मी घातली व विमानापुढे मी चालले. यात गुन्हा असेल तर पहिले नाव माझे लिहावे. नसेल तर छबुबाईला उठू द्यावे. तोपर्यंत मी तिच्याशेजारी बाकड्यावर बसणार आहे. यजमानांनी जीप घेऊन जावे. स्वयंपाक झाकून ठेवला आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो बाहेर बाकड्यापर्यंत आणि जीपपर्यंत ऐकू गेला. मी बोलले तसाच उतरला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. सही करू नको, अशी खूण यजमानांनी खिडकीतून केली. सही केली आहे.

(सही) दानम्मा नागप्पा शेटे