गुरुजींच्या पोराची परीक्षा

प्रतिभा : थांब. इंजिन बंद कर. आता सांग, काय केलं तू?

हर्षदीप : काय केलं? विटा उजव्या हाताले ठेवल्या अन् गोल फिरलो. तू म्हटलं तसाच.

प्रतिभा : फिराच्या आधी काय केलं ते विचारून राह्यली मी.

हर्षदीप : हॉर्न दिला.

प्रतिभा : कोणाले? एवढ्या मोठ्या मार्केट यार्डात एक कुत्रं आहे, तेही झोपलेलं. कापसाचा हंगाम संपला, आता इथं टेम्पो नाई का बैलगाडी नाई.

हर्षदीप : हात आपोआप जाते ताई.

प्रतिभा : हॉर्न, एक चूक. आरशात पाह्यलं नाई, दुसरी. लिहून राह्यली मी. नववीचे पेपर तपासाचा पेन आहे हा.

हर्षदीप : लाल नको ना घेऊ. इंग्लंडातला परीक्षकही असाच बाजूले बसते, मांडीवर टॅब घेऊन. रागावत नाई, बोलत नाई. फक्त बोट टेकवते त्याच्यावर. ते बोट टेकलं का माझा क्लचवरचा पाय सुटते.

प्रतिभा : म्हणून तं लाल आणला. घाबराचं ते इथं घाबरून घे. चौथी परीक्षा कधी आहे?

हर्षदीप : अठ्ठावीसले. परत गेल्यावर चौथ्या दिवशी.

प्रतिभा : अन् तेव्हाही नाई जमलं तं?

हर्षदीप : तं काम गेलं. मी दवाखान्यातला नर्स नाई ना ताई, घरोघरी जाणारा आहे. म्हाताऱ्या माणसाइच्या जखमा बांधाच्या, इन्शुलिन द्याचं. एका घरापासून दुसरं घर आठ-आठ मैल. आपल्या लायसन्सवर तिथं एकच वर्ष चालवता येते, ते संपलं. पाच महिन्यांपासून कामावरची एक सोबतीण मले तिच्या गाडीतून सोडते, नाई तं मी बसनं जातो. मॅडमनं आता पत्रच दिलं. महिनाअखेरीपर्यंत इंग्लंडचं लायसन्स दाखव. काम गेलं का व्हिसाही गेला.

प्रतिभा : अन् इथं सगळ्याले सांगतलं का आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलो म्हणून.

हर्षदीप : तेही खोटं नाई.

प्रतिभा : ऑपरेशन झालं तेव्हा तू तिथंच होता. आईचा काळा चष्मा निघाल्यावर तू आला.

हर्षदीप : तू बाबाले तं नाई ना सांगतलं?

प्रतिभा : मी काऊन सांगू? ते विहारात प्रत्येकाले तुझा फोटो दाखवून राह्यले. पांढरी गाडी, तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागच्या महिन्यातला फोटो आहे तो. तेव्हा तं तुले चालवायची परवानगीच नव्हती.

हर्षदीप : त्या सोबतिणीची गाडी होती. दवाखान्यासमोर उभी होती. बाबा रोज विचारत होते, गाडी कशी आहे, गाडी कशी आहे. तिसऱ्यांदा नापास झालो त्याच दिवशी पाठवला. बसून काढला अन् उतरलो.

प्रतिभा : चल, पुन्हा चालू कर. या वेळी हॉर्नवरून हात... थांब. हर्ष, मागं वळून पाहू नको. बाबा येऊन राह्यले.

हर्षदीप : ते तं रोज स्टेशनाकडं फिराले जाते ना?

प्रतिभा : आज इकडं आले. तूच सांग आता जे सांगाचं ते. मी खोटं बोलणार नाई.

(काचेवर टकटक. हर्षदीप काच खाली करतो. बाहेर देवाजी गुरुजी, हातात लांब दांड्याची काळी छत्री.)

देवाजी : काऊन गा, विटाइभोवती काऊन फिरून राह्यला? तिकून पाह्यत होतो मी. चार चक्कर मारले तुनं. हिच्या गाडीत बिघाड हाये का काई?

प्रतिभा : गाडी ठीक आहे बाबा.

देवाजी : तं मंग त्याले मोठ्या रोडवर जाऊ दे. इंग्लंडात गाडी चालवणारा माणूस तो, अन् तू त्याले विटा मांडून शिकवतं? तो पहिल्याच टायमाले पास झाला होता. तू दोनदा नापास झाली होती, इसरली का?

प्रतिभा : कशी विसरीन? एकदा आठाच्या आकड्यात गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा खांब लागला. तुमी दरवेळी जेवताना आठवण देता.

हर्षदीप : बाबा, तिले नका बोलू. मीच म्हटलं तिले शिकव म्हणून.

देवाजी : तुले काय शिकाचं हाये आता?

हर्षदीप : मी नापास झालो, बाबा. तिथल्या परीक्षेत. तीनदा.

देवाजी : तीनदा?

हर्षदीप : होय.

देवाजी : बाहेरून आलेला पाहून मुद्दाम करत असतीन ते लोक. आपल्याइले काय नवं हाये ते.

हर्षदीप : नाई बाबा. तसं असतं तं मले सोपं गेलं असतं. पहिल्या वेळी परीक्षा घेणाऱ्या बाईले स्वतः ब्रेक दाबावा लागला. तिच्या बाजूनंही एक ब्रेक होता. तिनं दाबला नसता तं सायकलवाला गेला होता. उतरल्यावर तिनं मले पानी दिलं प्याले.

देवाजी : अन् मंग तो फोटो?

हर्षदीप : उभ्या गाडीतला आहे.

देवाजी : मी तो शेजारच्या मारोतरावाले दाखवला. विहारात सगळ्याइले दाखवला. कालच तुयी आई म्हणे, मोठा करून भिंतीवर लावू. मी फ्रेमवाल्याकडं देऊनही आलो.

प्रतिभा : बाबा, उन्हात नका उभे राहू. मागं बसा गाडीत.

देवाजी : उभाच बरा हाये मी. वर्षभर तं चालवली ना तुनं तिथं? आपल्या लायसन्सवर? का तेही खोटं?

हर्षदीप : ते खरं आहे. तेच तं सांगाचं आहे मले. ताईलेही नाई सांगतलं ते अजून.

प्रतिभा : काय?

हर्षदीप : आपण इथं समोरच्याले डिपर कशाले मारतो?

प्रतिभा : मी येऊन राह्यली, तू थांब, म्हणून.

हर्षदीप : तिथं उलटं आहे. लाइट चमकवला का समोरचा समजते, हा थांबला, आपण जावं. मले कोणी सांगतलं नव्हतं. पुस्तकात वाचाचं होतं, मी वाचलं नाई. लायसन्स होतं ना खिशात. एका सकाळी एक म्हातारी रस्त्याच्या कडेले उभी होती. आईएवढी. हातात पिशवी. मी दुरून डिपर मारला, का बाई, थांब, मले उशीर झाला. तिनं हात वर केला, थँक्यू म्हणून, अन् रस्त्यात उतरली.

देवाजी : लागली तिले?

हर्षदीप : नाई. ती मागं सरकली अन् पडली. पिशवीतले अंडे फुटले सगळे. मी काच खाली केली, तं ती खाली बसल्या बसल्या मले सॉरी म्हणाली. तिची चूक नव्हती, बाबा. अन् तीच सॉरी म्हणाली.

प्रतिभा : तू उतरला ना?

हर्षदीप : मागं गाड्या होत्या. मी गेलो निघून. माणसाइच्या जखमा बांधण्याचा पगार घेतो मी, अन् काच वर करून निघून गेलो. दहा मिनिटांनी परत आलो तं कोणी नव्हतं. रस्त्यावर अंड्याचा पिवळा डाग होता फक्त. तेव्हापासून परीक्षेत कोणी पायी जाणारं दिसलं का माझा पाय ब्रेकवरून हालतच नाई. सरळ रस्त्यात गाडी उभी करतो. पुढच्या दोन्ही वेळी त्याइनं तेच लिहिलं, विनाकारण थांबला. नापास.

देवाजी : ते काई असो. पण तुले चालवता येत होतं. इथं तं तू...

हर्षदीप : नव्हतं येत.

देवाजी : आरटीओतला सुधाकर इन्स्पेक्टर म्हणे, पोरगा एक नंबर चालवते. मले स्वतः म्हणाला तो.

हर्षदीप : तुमचा विद्यार्थी ना तो, बाबा. मी गाडीत बसलो. हैदराबादेत मित्राच्या गाडीवर दोन रविवार शिकलो होतो तेवढंच. आठाच्या आकड्यात गाडी कशी वळवाची हेच मले माहीत नव्हतं. तो आला, माझा कागद पाह्यला, बाहेर कुठंतरी पाह्यलं, अन् बाजूच्या तेलुगू माणसाले त्याच्या भाषेत म्हणाला, मा सार गारी अब्बाई. आमच्या सरांचा पोरगा. मले म्हणाला, चालू कर. मी चालू केली. म्हणाला, बंद कर. दस्तखत केली अन् म्हणाला, गुरुजींच्या पोराची मी काय परीक्षा घेऊ, त्याइनंच मले शिकवलं.

प्रतिभा : म्हणजे तू आठ काढलाच नाई?

हर्षदीप : दहा पावलंही नाई गेली गाडी. मले लाज वाटाले पायजे होती. मले आनंद झाला. घरी येऊन मी सांगतलं का पहिल्याच टायमाले पास झालो. नंतर तू दोनदा नापास झाली, बाबा तुले बोलले, तेव्हाही मी जेवत होतो ताटावर. बोललो नाई काई.

प्रतिभा : मी त्या रात्री पोळी ठेवून उठली होती.

हर्षदीप : माहीत आहे मले.

प्रतिभा : पण तुझं नाव पाहून त्याले काय समजलं, हा बाबाचा पोरगा म्हणून? आपल्या आडनावाचा अर्धा जिल्हा आहे.

देवाजी : नावावरून नाई समजलं.

प्रतिभा : मंग?

देवाजी : मी होतो तिथं. फाटकापाशी.

हर्षदीप : तुमी तं म्हणाले होते, पोस्टात काम आहे. म्हणून माझ्यासोबत निघाले होते.

देवाजी : पोस्टात काई काम नव्हतं. तू आत गेला अन् मी फाटकाच्या बाहेर लिंबाखाली उभा राह्यलो. ही छत्री उघडून. ऊन नव्हतं तेव्हा. सुधाकरले माहीत हाये ही छत्री, सहावीपासून पाह्यत आला तो. मी त्याले एक शब्द बोललो नाई. फोन नाई केला, चिठ्ठी नाई दिली. आजवर मी स्वतःले हेच सांगत आलो, का आपण काई मागतलं नाई. फक्त उभा होतो.

हर्षदीप : दिसन असे उभे होते.

देवाजी : होय. दिसन असा. त्यानं पाह्यलं, तिथून हात जोडले. चार लोकाइनं वळून पाह्यलं मायाकडं. खोटं काऊन बोलू, छाती भरून आली मायी. माया बाप जल्मभर दुसऱ्याच्या फाटकाशी उभा राह्यला, मजुरीसाठी. त्याच्याकडं कोणी मान वर करून पाह्यत नव्हतं. मले वाटलं, मी उभा राह्यलो तं साहेब हात जोडते. एवढंच वाटलं. पोराले गाडी येते का नाई, हे मनातच नाई आलं माया.

प्रतिभा : माझ्या वेळी तुमी नाई आले.

देवाजी : नाई.

प्रतिभा : तेव्हाही सुधाकर सरच होते. मी दोनदा नापास झाली त्याइच्याच हातून. मी सांगतलं नाई त्याइले, मी कोणाची पोरगी ते. मले वाटलं, तुमाले आवडणार नाई. तत्त्वाचे माणूस तुमी.

देवाजी : तत्त्व नव्हतं ते, प्रतिभा. मले वाटलं, हिले कशाले पायजे कार. स्कुटी हाये, शाळेत जाते-येते, पुरे. म्हणून नाई आलो. अन् वरून तुलेच बोललो.

प्रतिभा : मंग मी तीन महिने इथंच विटा मांडल्या. रोज शाळेत जायच्या आधी. आता नार्नूरच्या घाटात समोरून लॉरी आली तरी मले काई वाटत नाई. बरं झालं, नाई आले तुमी.

देवाजी : बरं झालं म्हणतं, पण तुया आवाज बरा नाई.

प्रतिभा : नसन.

हर्षदीप : बाबा, फ्रेमवाल्याकडून तो फोटो परत आणा.

देवाजी : आणतो. आजच आणतो. मारोतरावालेही सांगतो.

हर्षदीप : त्याले काऊन? लोक हसतीन.

देवाजी : हसू दे. दाखवला मी होता, सांगीनही मीच. तू तुयं पाहा. ती म्हातारी कुठं राह्यते, तुले माहीत हाये?

हर्षदीप : त्याच गल्लीत असन. मी पुन्हा तिकडं गेलोच नाई. बस तिथून जाते तं मी दुसरीकडं पाह्यतो.

देवाजी : जाजो. पास हो का नापास हो, जाजो. अंडे घेऊन जाजो.

प्रतिभा : चला, ऊन चढून राह्यलं. मले साडेआठले निघा लागते. हर्ष, चालू कर. मी त्या विटांपाशी उतरून उभी राह्यते, पिशवी घेऊन. मी रस्त्यात पाय टाकला का थांबाचं. नाई टाकला तं निघाचं. हॉर्न नाई, डिपर नाई. बाबा, बसा ना मागं, तुमीही पाहा.

हर्षदीप : होय बाबा, बसा.

देवाजी : नाई. मी बसलो तं तू मायाकडं पाह्यशीन आरशात. अन् ही तुले एखादी चूक माफ करीन. प्रतिभा, लाल पेन हाये ना तुयापाशी?

प्रतिभा : आहे.

देवाजी : जे दिसन ते लिही. कोणाचा पोरगा हाये ते पाहू नको.

प्रतिभा : अन् तुमी कुठं चालले?

देवाजी : ही छत्री राहू दे गाडीत. दुरून वळखू येते. मी त्या वजनकाट्याच्या खोलीमागं जाऊन थांबतो, तिथून मी दिसत नाई.